शंभरच्या पुढचा चार

चालू पोकलेन बघायला माणसं जमतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंद पडलेलं पोकलेन बघायला त्याहून जास्त जमतात, याची नोंद मात्र कुणी घेतलेली नाही. सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण निघाल्यापासून मलकापूरला (कराडला खेटून आहे ते, बुलढाण्याचं वेगळं, शाहूवाडीचं वेगळं) या यंत्राचं अप्रूप उरलेलं नाही. पुलाचे खांब, गटारं, उसाच्या रानाची सपाटी, विहिरी, मुरमाच्या खाणी, सगळीकडं तीच पिवळी नाहीतर केशरी मान वरखाली होत असते. पण ती मान अर्ध्यात थांबली की भोवती रिंगण धरलं जातं. त्यात ऑपरेटर असतो, हेल्पर असतो, मालक असतो, मालकाचा आयटीआयला जाऊन आलेला चुलतभाऊ असतो आणि डेअरीला दूध घालायला निघालेला एक गृहस्थ असतो, ज्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नसतो आणि ज्याचं मत सर्वांत ठाम असतं. वीस टनांचं धूड समोर उभं असताना हे सगळे केबिनमधल्या तळहाताएवढ्या पडद्याकडं बघत असतात. "काय म्हणतंय?" "कोड मारतंय." "कितीचा?" "शंभरचा." "मग सेन्सर गेला." एवढ्यात रोगनिदान पुरं होतं. नाडी नाही, रक्त-लघवी नाही, रोग्याला जीभ दाखवायलाही सांगितलेलं नाही. वैद्यकशास्त्राला ही झेप अजून जमलेली नाही.

प्रस्तुत लेखकाचं म्हणणं असं, की या प्रकारात यंत्राची काहीही चूक नसते. (मराठी लेखकाचा यंत्राशी संबंध पंख्याच्या बटणापलीकडं जात नाही, हे मान्य. म्हणूनच त्याचं मत निःपक्षपाती धरावं.) यंत्र सांगायचं ते सांगतं. आपण त्यातलं निम्मं वाचतो आणि उरलेलं स्वतःच्या स्वभावातून भरून काढतो. अवजड वाहनांच्या आणि यंत्रांच्या इंजिनांसाठी कोडची जी सर्वमान्य पद्धत आहे, अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेनं ठरवलेली जे १९३९, तिच्यात प्रत्येक तक्रारीला दोन आकडे असतात. पहिला एसपीएन, म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे: १०० असेल तर इंजिन ऑईलचा दाब, ११० असेल तर कूलंटचं तापमान, ९७ म्हणजे डिझेलमधलं पाणी, १६८ म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार कुठल्या जातीची आहे; हा ० ते ३१ यांपैकी एक. कंपन्या आपापल्या पडद्यावर हेच वेगळ्या पेहरावात दाखवतात, कुणी पुढं अक्षरं लावतं, कुणी स्वतःचेच आकडे काढतं, पण 'कुठं' आणि 'कसं' ही दोन अंगं बहुतेक ठिकाणी असतातच. पहिल्या आकड्याला एकोणीस बिटांची जागा दिलेली आहे, म्हणजे सव्वापाच लाखांच्या घरात विषय मावतात. एवढ्या विषयांना आपल्याकडं उत्तरं तीन आहेत: सेन्सर गेला, वायरिंग गेलं, ईसीएम गेला. चौथं उत्तर 'ऑपरेटरच तसला आहे' हे; पण ते ऑपरेटर चहाला गेल्यावर द्यायचं असतं.

आता त्या दुसऱ्या आकड्याकडं दुर्लक्ष झालं तर काय बिघडतं, हे पाहू. ईसीएम म्हणून इंजिनाचा कारभार बघणाऱ्या ज्या इलेक्ट्रॉनिक डबीचा एवढा दरारा आहे, तिनं आयुष्यात कधी ऑईल पाहिलेलं नसतं. ऑईल काळं की पिवळं, पाणी कोमट की उकळतं, तिला काही ठाऊक नाही. तिच्यापर्यंत पोचतं ते फक्त व्होल्टेज. ती सेन्सरला ५ व्होल्ट पाठवते आणि परत काय येतं त्यावरून दाबाचा अंदाज बांधते. धडधाकट सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या मधेच बोलतो. आलेला आकडा या हद्दीत आहे, पण त्याचा अर्थ 'दाब धोक्याइतका कमी' असा निघतोय, तर ती १०० च्या पुढं १ लिहिते. आकडा हद्दीच्याही खाली, पार शून्याजवळ आला, तर असला दाब असूच शकत नाही हे ओळखून ती ४ लिहिते. वर पाचाला जाऊन टेकला तर ३. म्हणजे शंभर-एकचा अर्थ: ऑईलचा दाब खरोखर गेलाय, आधी चावी बंद करा. शंभर-चारचा अर्थ: ऑईलचं मला काहीच कळेना झालंय, मधली वायर बघा. एक बातमी इंजिनाची, दुसरी बातमीदाराची. आपल्याकडची रीत नेमकी उलटी. शंभर-चार आला, की ऑईल चेंबर उतरवला जातो, ऑईल पंप काढला जातो, बेअरिंगवरून बोट फिरवून सगळे गंभीर होतात आणि बेअरिंग चांगलं निघालं म्हणून थोडे नाराजही होतात. शंभर-एक आला, की "त्या सेन्सरचं काय खरं नसतंय, मार अजून चार बकेटं," असा हुकूम सुटतो. थोड्या वेळानं दाब गेल्याची गोष्ट इंजिन स्वतःच, कोडची मदत न घेता, क्रँकच्या आवाजात सांगतं. तेव्हा मात्र सर्वांना पटते.

"पण आकडा कधी खोटं बोलतो का?" हा आक्षेप मलकापुरातूनच यायला हवा, कारण आकड्यावर विश्वास टाकायचा या गावाचा हक्क मोठा आहे. नळाला चोवीस तास पाणी आणि प्रत्येक जोडणीला मीटर, हे करून दाखवल्याबद्दल मलकापूर नावाजलं गेलं. मीटरचा आकडा खरा मानून बिल भरणाऱ्या माणसानं कोडचा आकडा का मानू नये? मानावाच. फक्त मीटर काय सांगतो ते आठवावं. इतकं पाणी गेलं, एवढंच. ते पाहुण्यांनी वापरलं, टाकी भरून वाहून गेली, की धाकट्या दिरानं बुलेट दोनदा धुतली, हे मीटरवर उमटत नाही; त्यासाठी घरात फिरून दिराची चौकशी करावी लागते. आणि बिल वाढलं म्हणून कुणी उठून मीटर बदलत नाही. पोकलेनच्या बाबतीत मात्र ज्याच्या नावानं तक्रार आली त्याचाच पहिला बळी जातो. सेन्सरच्या नावानं कोड आला, की नवा सेन्सर. दुकानात गल्ल्याच्या वर पाटी असते: 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही.' ती पाटी लिहिणाऱ्याला सेन्सर कळत असोत-नसोत, माणूस चांगला कळला होता. नवा सेन्सर बसतो, कोड तसाच. "डुप्लिकेट दिला वाटतं." मग ओरिजिनल येतो, कोड तसाच. आता मात्र खात्रीच पटते: "ईसीएम गेला." दोन निष्पाप सेन्सर घालवल्यावर तिसऱ्या निष्पापाकडं बोट वळतं, आणि ज्या कनेक्टरमधली पिन गंजून हिरवी पडलेली असते तो कनेक्टर हे सगळं शांतपणे बघत असतो.

कोडचं मूळ शोधताना सर्व्हिस मॅन्युअलइतकंच पंचांगही हाताशी ठेवावं, असं पुरावा सांगतो. खंडेनवमीला पोकलेन धुतलं जातं. वर्षभर ज्याच्या अंगावरची धूळ कुणी झटकली नाही, त्याला प्रेशर पंपाच्या फवाऱ्यानं आंघोळ घडते; बाहेरून, आतून, सीटखालून, कंट्रोलरच्या झाकणाच्या फटीतूनसुद्धा, कारण भक्तीत हात आखडता घ्यायचा नसतो. मग हार, हळद-कुंकू, बकेटच्या दातांपुढं नारळ. दसऱ्याला यंत्र सुट्टीवर. एकादशीला चावी फिरवली की पडद्यावर कोडची रांग. "नजर लागली," हे निदान त्याच वेळी होतं आणि लिंबू-मिरची येते. ती बांधायला सोयीची, मजबूत आणि डोळ्यांसमोरची जागा म्हणून इंजिनाच्या हार्नेसचीच, म्हणजे वायरींच्या जुडग्याचीच, निवड होते.

वेल्डिंगचीही हीच गोष्ट. बकेटचा दात तुटला, बूमला तडा गेला, तर वेल्डिंगच्या आधी बॅटरी सोडवा, कंट्रोलरचे कनेक्टर काढा, अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जवळच लावा, असं यंत्रांची मॅन्युअलं बजावतात. आपल्याकडं चिमटा चेनला लागतो आणि वेल्डिंग बकेटला होतं, म्हणजे करंटला अख्ख्या यंत्रातून वाट काढत जावं लागतं. वाटेत त्याला नाजूक असं काय काय भेटत असेल, याची चौकशी कुणी करत नाही. शिवाय गाणी. पोकलेनची बॅटरी २४ व्होल्टची, म्हणजे बारा-बाराच्या दोन, एकापुढं एक जोडलेल्या. टेप बाराचा. तेव्हा तो दोहोंपैकी एकीवरच जोडला जातो. ती एकटी रोज गाणी सोसते, दुसरी नुसती चार्ज होत राहते, आणि काही महिन्यांनी स्टार्टर मारताना व्होल्टेज असं कोसळतं की ईसीएम घाबरून भलतेसलते कोड लिहून ठेवते. ऑपरेटरला विचारा: "बॅटरी बघितली का?" "बॅटरीला काय झालंय? गाणी चकाचक वाजत्यात की!"

सर्वांत केविलवाणा प्रसंग एकदम चार-पाच कोड येण्याचा. रिंगणातल्या लोकांना वाटतं, यंत्राचा अंतकाळ जवळ आला. वस्तुस्थिती अशी, की बऱ्याच सेन्सरना तो ५ व्होल्टचा पुरवठा एकाच वायरीवरून वाटून दिलेला असतो. एक जण आत शॉर्ट झाला, की सगळ्यांचाच पुरवठा बसतो आणि सगळेच ओरडतात. गुन्हेगार एक, फिर्यादी चार. उपाय फुकट आहे: एकेका सेन्सरचा कनेक्टर काढत जायचं, ज्याचा काढल्यावर बाकीचे गप्प होतील, तो चोर. एवढा सोपा उपाय असल्यामुळंच त्याला कुणी हात लावत नाही. चार सेन्सर गेले म्हणजे चार सेन्सर आणायचे, यात हिशेब कसा स्वच्छ राहतो.

खरी करमणूक मात्र जुनं पोकलेन विकत घेताना होते. विकणारा चावी फिरवतो आणि अभिमानानं म्हणतो, "बघा मालक, पडदा कसा कोराय. एक कोड सापडंना." घेणारा हरखतो. लेखकाच्या मते त्यानं इथंच सावध व्हायला हवं. कोड दोन प्रकारचे असतात, चालू आणि साठलेले. आणि आठ-दहा हजार तास मुरूम उपसलेल्या यंत्राच्या स्मरणात एकही कोड नसेल, तर त्याचा अर्थ एवढाच की आदल्या रात्री कुणीतरी लॅपटॉप घेऊन बसलं होतं. इतक्या तासांत एकदाही व्होल्टेज पडलं नाही, एकदाही फिल्टर तुंबला नाही, एकदाही वायर घासली नाही? अशी निष्कलंक चरित्रं फक्त गौरवग्रंथांत सापडतात. शिवाय पुसलेला कोड परत यायला वेळ लागतो. काही बिघाड इंजिन तापल्यावरच कळतात, काही भार पडल्यावर. म्हणून विकणारा थंड इंजिन पाच मिनिटं फिरवून दाखवतो आणि लगेच चहाचा आग्रह करतो. चहा प्यावा; पण नंतर तासभर खणून बघावं.

आणि साठा पुसायचा राहून गेला असेल तर त्याच्यासारखं वाचनीय साहित्य नाही. अनेक इंजिनं प्रत्येक कोडपुढं तो किती वेळा आला, पहिल्यांदा कितव्या तासाला, शेवटचा कितव्या तासाला, हे लिहून ठेवतात. काहींमध्ये तर ऑईलचा दाब गेल्याची किंवा इंजिन तापल्याची नोंद कंपनीच्या पासवर्डशिवाय पुसताच येत नाही. समजा, पडद्यावरचा अवर मीटर ४,२०० तास दाखवतो आणि आतली नोंद म्हणते, शेवटचा कोड ९,६०० व्या तासाला आला. म्हणजे हा कोड अजून यायचाय. यंत्राला भविष्य दिसतं. विकणाऱ्याला विचारलं तर तो डगमगत नाही. "सॉफ्टवेअर नवीन टाकलंय, त्याचं असं होतंय." घेणारा मान हलवतो. त्याचं लक्ष केव्हाच रंगाकडं गेलेलं असतं. "रंग मात्र कंपनीसारखा वाटतोय." वाटणारच. रंग कालचा आहे.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्यांचा. "आमच्या वेळंला कुठं हुते कोड? मिस्त्री नुसत्या आवाजावर सांगायचा." हे खरं आहे, आणि त्या मिस्त्रीबद्दल लेखकाला आदर आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो आतली खबर काढायचा. इंजेक्टरच्या पाइपचा नट एकेक करून सैल करायचा आणि कुठला सिलिंडर काम करत नाही ते सांगायचा. पण कॉमन रेल इंजिनात त्याच पाइपमध्ये दीड हजार बारच्याही वर दाब असू शकतो. तिथं नट सैल केला तर डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत जाते. कृष्णा हॉस्पिटल मलकापुरातच आहे हे खरं, पण तेवढ्या भरवशावर हा प्रयोग करू नये. दुसरं असं, की नवं इंजिन स्वतःचं दुखणं झाकून ठेवतं. एका सिलिंडरची ताकद उतरली तर ईसीएम डिझेल कमीजास्त करून आवाज सारखा राखते. कानाला सगळं ठीक वाटतं आणि एके दिवशी यंत्र ताकद निम्मी करून टाकतं. म्हणून कान पुरत नाही. पण डोळा, नाक आणि बोटं लागतातच: कुठली वायर घासली, कुठं जळका वास येतो, हार्नेस हलवला की पडद्यावरचा आकडा नाचतो का. कोड वायरीपर्यंत नेऊन सोडतो, पुढं बोटांनीच जायचं असतं. अडचण एवढीच, की लॅपटॉपवाला पोरगा हात काळे करायला तयार नसतो आणि काळ्या हातांना तो लॅपटॉपला शिवू देत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कंपन्या स्कॅनर आणि पासवर्ड आपल्याकडंच ठेवतात, मग गरिबानं दुसरा आकडा वाचायचा कसा? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टलही काढलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. पोकलेन यातल्या कशात बसवायचं? रानात उभं असलं तरी अवजार म्हणवत नाही, आणि वाहन म्हणावं तर ते स्वतःच ट्रेलरवर बसून प्रवास करतं. तेव्हा तक्रार रास्त आहे. पण पासवर्डच्या आधी मल्टीमीटर येतो आणि तो काही शे रुपयांत मिळतो. कंट्रोलर एकमेकांशी ज्या दोन वायरींवरून बोलतात, त्यांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून त्या दोन वायरींमध्ये मोजलं तर ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलेलं किंवा मधेच वायर गेलेली. यासाठी कुठल्याही साहेबाचा पासवर्ड लागत नाही. मल्टीमीटर तसा बहुतेक मालकांकडं असतोही. त्यातला सेल गेलेला असतो.

आणि कोड जेव्हा अगदी सरळ, मराठी माणसालाही कळेल असं बोलतो, तेव्हा त्याच्यावर विश्वास बसत नाही. ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी. पावसाळा, उघड्यावर ठेवलेलं बॅरल, हातपंपानं भरलेलं डिझेल. फिल्टरखालचा नळ सोडून पाणी काढून टाकलं की काम झालं. पण नाही. "आपला पंप खात्रीचा हाय." "सेन्सरलाच ओल आली असंल." चाळीस लाखांच्या यंत्राला इतका साधा आजार शोभत नाही, असं सर्वांना वाटतं.

शेवटी एखादा मिस्त्री सगळं रीतसर करणारा निघतोच. दोन्ही आकडे वाचतो, बॅटरी मोजतो, हार्नेस हलवून बघतो, तो कनेक्टर उघडतो, हिरवी पिन घासून-पुसून बसवतो. कोड जातो. "किती द्यायचं, मिस्त्री?" "दीड हजार द्या." "पिन पुसायचं दीड हजार? आमच्या पोरानं पुसली असती की!" हाच मालक सेन्सरला बारा हजार हसत मोजतो, कारण सेन्सरला खोका असतो, खोक्यावर होलोग्राम असतो आणि बिलावर जीएसटी असतो. कुठली पिन पुसायची, या ज्ञानाचं पॅकिंग अजून कुणी काढलेलं नाही. म्हणून शहाणा मिस्त्री टूलबॉक्समध्ये एक मेलेला सेन्सर कायम बाळगतो. पिन पुसून झाली की त्याला थोडं ग्रीस फासून मालकाच्या हातावर ठेवतो. "ह्यो बघा, ह्यो गेलावता. दुसरा बसीवलाय. साडेचार हजार." मालक सेन्सर उलटासुलटा करून बघतो, समाधानानं पैसे देतो आणि तो मेलेला सेन्सर खिशात टाकतो. ओरिजिनल आहे, कधीतरी उपयोगी पडेल. मिस्त्रीला तो परत मागता येत नाही. पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्याला दुसरा मेलेला सेन्सर शोधत भंगारवाल्याकडं जावं लागतं, आणि हल्ली भंगारवालेही विचारायला लागलेत: "चालू पायजे का बंद? बंदला रेट जास्त हाय."